डोक्यावरच्या बारा लाटा

मित्रांनो, मी एक जुनं डोकं आहे. नुसतंच डोकं. मानेखाली एक भोक आहे, त्यात लोखंडी दांडा बसवून तो टेबलाला आवळतात. केस कापायला शिकणारी मुलं माझ्यासारख्यांवर हात साफ करतात. डोक्यात काही नाही असा सर्वांचा समज असल्यामुळे माझ्यासमोर सगळे मोकळेपणाने बोलत आले.

कारखान्यात माझ्या टाळूत सुईने एकेक केस रोवला गेला. केस खरे होते. कंबर असती तर कमरेपर्यंत पोचले असते. ते कोणाचे, हे खोक्यावर लिहिलेलं नव्हतं. खोक्यावर कारखान्याचं नाव होतं, आणि 'उन्हात ठेवू नये'.

मला घेतलं वेर्लानं. ती बेल्जियममधल्या मेखेलन गावी ओडाबाईंच्या सलूनमध्ये काम शिकत होती. तिने माझं नाव सिमोन ठेवलं आणि पहिल्याच दिवशी वीतभर केस उडवले. मित्रांनो, तुमचे केस बिघडले तर महिनाभर टोपी घालून निभावतं. माझे वाढत नाहीत. प्रत्येक चुकीनंतर वेर्ला म्हणायची, "अरेरे, माफ कर हं सिमोन!" पाच वर्षांत मला इतकी माफी मिळाली, की केस हनुवटीपर्यंत आले.

सोमवारी सलून बंद असे. ओडाबाई किल्ली वेर्लाकडे देत. वेर्ला मला खिडकीपाशी मांडायची, काचेवर पांढरे टॉवेल टांगून उजेड मऊ करायची आणि माझे फोटो काढायची. नेहमी मागून, कारण पुढून माझा चेहरा कायम दचकलेला. केसांचा फोटो ही सोपी गोष्ट नव्हे. उजेड चुकला की काळे केस डांबरासारखे दिसतात आणि सोनेरी केस वाळल्या गवतासारखे. वेर्लाचं चुकत नसे.

"या पोरीला उजेड विंचरता येतो," ओडाबाई म्हणत.

"पण त्या मुक्या बाईचे कशाला काढते?" मादाम पॉला विचारत. त्या दर शनिवारी केस सेट करायला येत.

"मुकी आहे म्हणूनच. तुझा काढायचा तर तोंड मिटेपर्यंत अंधार पडेल."

पुढे वेर्लाला अँटवर्पच्या फॅशनवाल्यांकडे कामं मिळू लागली. मॉडेलचे केस करायचे आणि दातांत कंगवा धरून चौकटीबाहेर उभं राहायचं. पहिला फोटो मासिकात आला तेव्हा ती रडतच सलूनमध्ये शिरली.

"ओडा, फोटो काढणाऱ्याचं नाव आहे, कोटाचं आहे, बुटांचं आहे. कुत्र्याचं नाव आहे! माझंच नाही."

"कुत्रा तरी नीट विंचरलेला होता का?" ओडाबाईंनी विचारलं आणि तिला जवळ घेतलं.

त्या दिवशी वेर्लानं ठरवलं, आता कॅमेरा आपल्याच हातात हवा. दोन वर्षं तिने मासिकांचे उंबरे झिजवले. अखेर एका संपादकबाईंनी सांगितलं, जुन्या पद्धतीच्या, बोटांनी पाडलेल्या लाटांचा एक फोटो आण. आवडला तर पूर्ण पान देते. वेर्लाचं सगळं त्या एका पानावर येऊन थांबलं. पण तिला तसल्या लाटा येत नव्हत्या. त्या फक्त ओडाबाईंना येत. त्यांच्या आईने शिकवल्या होत्या.

सोमवारी ओडाबाईंनी माझे केस ओले केले. सत्तरी ओलांडलेली, सांधे सुजलेले. दोन बोटांत केस दाबायचे, कंगव्यानं उलट ओढायचे, पुन्हा दाबायचे. एकही चिमटा न लावता त्यांनी बारा लाटा पाडल्या. वेर्लानं फोटो काढला. मग ती मासिकाचा कागद भरायला बसली.

"ओडा, केशरचनेपुढे तुमचं नाव घालू ना?"

"छे! माझं कशाला? म्हातारीचं कसलं नाव!"

मित्रांनो, आमच्या गावात पहिला नकार हा नकार नसतो. ते नुसतं खाकरणं असतं. कॉफी विचारली की पाहुणा आधी नको म्हणतो. पुन्हा विचारलं की म्हणतो, "बरं, अर्धा कप." मग भरलेला कप आणि दोन बिस्किटं संपवतो. सलूनमध्ये वेर्लानं सात वर्षं प्रत्येकाला दोनदा विचारून कॉफी दिली होती.

त्या दिवशी तिने एकदाच विचारलं. ओडाबाई हात पुसत उभ्या राहिल्या. हात कोरडे झाले, तरी पुसत राहिल्या. माझं तोंड आरशाकडे होतं, त्यामुळे मला सगळं दिसलं.

पान छापून आलं. 'केशरचना आणि छायाचित्र: वेर्ला'. ओडाबाईंनी दोन अंक विकत घेतले.

"अगं, या लाटा तर तुझ्या!" पॉला म्हणाल्या. "माझ्या लग्नात अश्शाच पाडल्या होत्यास."

"आता पुष्कळांना येतात," ओडाबाई म्हणाल्या आणि ड्रायर मोठा केला.

आठवड्याने वेर्ला केक घेऊन आली. अँटवर्पला तिने स्टुडिओ पाहिला होता. "ओडा, रागावला नाहीत ना?"

"छे!"

"वाटलंच मला," वेर्ला म्हणाली. तिला परतीची गाडी गाठायची होती. मला न्यायचंही ती विसरली. स्टुडिओत आता जिवंत डोकी येणार होती.

तेव्हा मित्रांनो, एखादं सुंदर चित्र पाहिलंत तर खालची बारीक अक्षरं जरूर वाचा. आणि मग तिथे कोण नाही, तेही शोधा. मोठे झालात आणि लेखणी तुमच्या हाती आली, तर एवढंच करा: सोयीचं उत्तर मिळालं की लगेच कागद भरू नका.

वेर्ला गेली त्या संध्याकाळी ओडाबाईंनी मला बेसिनपाशी नेलं आणि लाटा धुऊन टाकायला नळ सोडला.

"पाणी फार गरम नाही ना?" सवयीनं त्यांनी मला विचारलं.

मला बोलता येत नाही. त्या थांबल्या. मग त्यांनी पुन्हा एकदा विचारलं.