हाताचा दोष की पडद्याचा

दुकानदार गोड बोलायला लागला की तिचे कान टवकारत. शिलाई कारखान्यात मशीनदुरुस्ती करताना नऊ वर्षं गेली होती. "नवं कोरं आहे, डोळे मिटून न्या" म्हटलं की ती डोळे आणखी उघडे ठेवी.

शेजारी नवरा उभा होता, डावा हात खिशात. छापखान्यात बोटं चेंगरल्यापासून तो हात खिशातच असायचा. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळा, बोटं मोकळी होतील. खेळला बिचारा. पण ऐन वळणावर चित्र मधूनच फाटायचं, रस्त्याचा वरचा तुकडा एकीकडे, खालचा भलतीकडे, आणि गाडी भिंतीवर. परवा त्याने कंट्रोलर कपाटात ठेवून दिला. "पडद्याला कशाला नावं ठेवतेस? हातच गेलाय माझा." तेव्हापासून तर ती पडद्यावर डूखच धरून होती. हातावर संशय घ्यायची तिची छाती नव्हती.

"हे ग्राफिक्स कार्ड सगळ्यात दणकट, वहिनी," दुकानदार म्हणाला. "आणि हा अडॅप्टिव्ह सिंकचा मॉनिटर. कार्डाचं चित्र तयार झालं की मगच पडदा ते दाखवणार. दोघं एका तालात."

"सुई आणि कापड सरकवणारे दाते, तसं. ताल चुकला की टाका सुटतो." ती खोक्यावरची बारीक अक्षरं वाचत होती. "पण दणकट कशाला? आमचा खेळ जुना आहे. मधलं दाखवा."

दुकानदाराने नाइलाजाने मधलं कार्ड जोडलं. पडद्यावर समुद्र उसळला, लोण्यासारखा मऊ.

"हा सिनेमा झाला," ती म्हणाली. "सिनेमा आमच्या घरच्या डबड्यावरही छान दिसतो. खेळ लावा."

"विश्वास नाही का आमच्यावर?"

"तुमच्यावर आहे हो. पडद्यावर नाही."

"अगं, पुरे," नवरा पुटपुटला.

खेळ सुरू झाला. दुसऱ्याच वळणावर रस्ता फाटला. तिने दुकानदाराकडे बघितलं. त्याने मान खाजवली, पडद्यामागची बटणं चाचपली. "खोक्यातून येतो तेव्हा सिंक बंदच असतं. चालू करायचं राहिलं."

"राहिलं, की..." ती म्हणाली.

मग चित्र अखंड झालं. पडद्याला नाक लावून तिने तेच वळण तीनदा घेतलं, आणि कंट्रोलर नवऱ्यापुढे धरला. त्याने हात खिशातून काढायला बराच वेळ घेतला.

पहिलं वळण जमलं. दुसऱ्यावर चित्र जरासुद्धा फाटलं नाही, तरी गाडी भिंतीवर.

आता खापर फोडायला पडदाही उरला नव्हता.

तो पडद्यावरच्या भिंतीकडे बघत होता. "बोट उशिरा पडलं," तो म्हणाला. "अगदी थोडं. किती ते दिसलं मला. घरी कळायचंच नाही, चित्र चुकलं का मी."

"म्हणजे?" तिने संशयानेच विचारलं.

"म्हणजे जरा सरक. कोपर लागतंय तुझं."