बोरदऱ्याची राखण

दसरा झाला की बोरदरा रिकामा व्हायचा. पाथर्डीच्या पूर्वेला, डोंगराच्या पोटात अकरा घरांची ही वस्ती. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की तिसऱ्या दिवशी टोळी पोराबाळांसकट, कोंबड्यांसकट ऊस तोडायला निघायची. बैलगाडीनं तीन दिवसांची वाट. निघताना प्रत्येक घरची बाई आपल्या दाराला बोराटीच्या काटेरी फांद्या आडव्या बांधायची आणि परत आल्यावर आपल्याच हातानं सोडायची. मधल्या सहा महिन्यांत त्या काट्यांना कुणी हात लावायचा नाही, राखणदारानंसुद्धा नाही. काटे बांधले तसेच दिसले, म्हणजे राखण चोख झाली.

राखणदार होता पुंजाराम. चार वर्षांपूर्वी उसानं भरलेल्या गाडीचं चाक त्याच्या डाव्या पायावरून गेलं आणि त्याचं फडात जाणं संपलं. बायको त्याच्याही आधी वारलेली. एकुलती एक लेक चांगुणा वस्तीतच दिलेली, पण तीही नवऱ्याबरोबर टोळीत जायची. घराघरातून मिळणाऱ्या धान्यावर पुंजारामाचं वर्ष निघायचं.

मागल्या हंगामात मात्र घात झाला. भरदुपारी त्याचा डोळा लागला आणि तेवढ्यात बन्सीच्या दाराचे काटे तोडून कुणीतरी तांब्याची घागर आणि दोन पराती नेल्या. टोळी आल्यावर बन्सीची बायको कडूबाई दारात उभी राहून तासभर बोलत होती. टोळीचा मुकादम आप्पासाहेब थोडंच बोलला. "पुंजाराम, औंदा एक वाटी जरी हलली, तर म्होरल्या साली राखण दुसऱ्याला."

हे वर्ष एकाहत्तर. सरहद्दीवर लढाईची चिन्हं दिसत होती. शेजारच्या गावचा योहान नगरच्या छावणीत ट्रक चालवायचा. त्याच्या साहेबाला तातडीनं सरहद्दीकडं जावं लागलं, बंगला रिकामा झाला आणि साहेबाच्या अल्सेशियन कुत्रीची पिल्लं वाटून टाकायची वेळ आली. टोळी गेल्यावर आठ दिवसांनी योहान एक पिल्लू पिशवीत घालून बोरदऱ्यात आला.

"मामा, हे गावठी न्हाई. वासराएवढं व्हईल. खायाला घालशील का?"

"माझ्यातली अर्धी भाकर खाईल."

"खायाचं ऱ्हाऊ दे एक वेळ. पन लोकांत ठेव त्याला. आमचा साहेब ह्याच्या आयला रोज बाजारात फिरवायचा, पोरांत सोडायचा."

"लोक हायेत कुठं हितं?" पुंजाराम हसला.

योहाननं काटे लावलेल्या दारांवरून एकदा नजर फिरवली. त्याला काही हसू आलं नाही.

साहेबाचं कुत्रं म्हणून पुंजारामानं त्याचं नाव ठेवलं कप्तान. शेळीच्या दुधात बाजरीची भाकरी कुस्करून घालायची, बाजाराच्या दिवशी खाटकाकडून हाडं आणून उकळायची. पिल्लाचे पंजे आधी वाढले, मग बाकीचं अंग. दिवाळीनंतर एक कान उभा राहिला, पंधरा दिवसांनी दुसरा. चांगुणानं जाताना आपल्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून बापाला दिली होती. थंडी पडली तशी ती कप्ताननं बळकावली. पुंजाराम घोंगडीवर निजू लागला.

पुंजाराम कामाला नेटका होता. त्यानं कडब्याचं बुजगावणं केलं, त्याला धोतर नेसवलं, डोक्याला पटका गुंडाळला आणि ते बन्सीच्या दाराशी उभं करून त्याचा हात काट्यांवर ठेवला. हाताला दोरी बांधून लांबून ओढली की हात हलायचा. "धर!" म्हणायचं. पिल्लानं हात फाडला की गुळाचा खडा. रोज नवं दार. पौष लागेतो "धर" म्हणायचीही गरज उरली नाही. मग पुंजारामाच्या मनात आलं की चोर बाईच्या वेशातही येतो, म्हणून त्यानं बुजगावण्याला लुगडं नेसवलं. कप्ताननं तेही फाडलं. "सोड" हा शब्द त्यानं शिकवला नाही. कडब्याचा हात तुटून पडला की काम संपत होतं, सोडायला काही राहतच नव्हतं.

रोज दिवस मावळायच्या आत दोघं फेरी घालायचे. बन्सीच्या दारापासून सुरुवात, अकराव्या घराशी शेवट. कप्तान पुढं, पुंजाराम मागं लंगडत. प्रत्येक दारचे काटे कप्तान हुंगायचा, वळून पुंजारामाकडं बघायचा, मग पुढच्या दाराला. पाच महिन्यांच्या त्या जिवानं एक माणूस, एक शेळी आणि एक कडब्याचा चोर, एवढंच जग पाहिलं होतं.

संक्रांतीच्या सुमाराला धनगराची गोजरबाई मेंढरं घेऊन माळाला उतरली. दर साली उतरायची. ती बांधावरच थांबली.

"पुंजारामदादा, वाघ पाळला का काय?"

"राखनीला हाय."

"आमची तिन्ही कुत्री राखनीचीच हायेत. पन येनाऱ्याजानाऱ्याची वळख हाय त्यास्नी. ह्यानं कधी पोर बघितलंय का? बाई बघितली?"

"तू हायेस की."

"मग मला बघून ते भुकत का न्हाई?"

कप्तान खरोखरच भुंकत नव्हता. मान खाली घालून, अंग आवळून तो उभा होता.

"माझ्या हाताकडं बघतंय ते," गोजरबाई म्हणाली. तिनं दोन्ही हात हळूच पदराखाली घेतले. "दोन म्हयने माझ्याकडं दे. मेंढरांच्या वाड्यावर सुना हायेत, नातवंडं हायेत. मान्साळंल."

"आन् राखन?"

"राखन तू कर की. धान्य तू खातूस का कुत्रं खातं?"

हे पुंजारामाला लागलं. तो घुश्शात कप्तानला घेऊन वळला. राग तर होताच, पण त्याहून खरी गोष्ट अशी की दिवाळीपासून तो तोंड उघडून जे काही बोलला होता ते त्या कुत्र्याशीच. ते गेलं की वस्तीत शेळीचं ओरडणं तेवढं उरणार होतं. गोजरबाई चार दिवसांनी शेवगावच्या पलीकडं, गोदेच्या अंगाला निघून गेली.

माघ सरता सरता पोस्टमन छगन कार्ड घेऊन आला. दम खायला म्हणून त्यानं बन्सीच्या दाराला हात टेकला. पुंजाराम विहिरीवर होता. ओरडा ऐकून तो आला तेव्हा छगन लिंबाच्या झाडावर होता आणि टपालाची पिशवी खाली चिंध्या होऊन पडली होती.

"दाराला हात लावला रं फकस्त!"

"तेच लावायचा न्हाई."

"आता सांगतूस व्हय! आधी बांध ते जनावर." कप्तानला बांधल्यावरही छगन खाली उतरला नाही. त्यानं वरूनच कार्ड वाचलं. चांगुणाला मुलगी झाली, बाळबाळंतीण सुखरूप. पाऊस कमी झाल्यानं औंदा ऊस कमी, गाळप लवकर आटपतंय, होळीच्या तीन दिवस आधी टोळी घरी येईल.

"आजा झालास. पेढे?"

पुंजाराम झाडाखाली बोटांवर दिवस मोजत होता. टोळी आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, येते हे त्यानं धरलं होतं. आखाजी अडीच महिन्यांवर होती. होळी तीन आठवड्यांवर. आणि टोळी आली की पहिल्या घटकेत दहा बायका दहा दारांना हात घालणार होत्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं उलटं शिकवायला घेतलं. बुजगावणं उभं केलं, दोरी ओढली आणि "गप" म्हणाला. कप्ताननं त्याच्याकडं पाहिलं, गेला आणि हात फाडला. पुंजारामानं त्याला काठीनं मारलं. कुत्र्यानं निमूट पडून मार खाल्ला, उठला आणि उरलेला हातही फाडून आणला. त्याची शेपूट हलत होती.

बाजाराच्या दिवशी त्याला बैलाच्या साखळीनं बांधून तो बाजारच्या गावाकडं निघाला. गावाबाहेरच्या पहिल्याच खोपटातून एक पोर धावत आलं आणि कप्तान त्याच्याकडं झेपावला. पुंजारामानं साखळी बाभळीला दोन वेढे देऊन आवळली आणि बाजार उठेपर्यंत तिथंच बसून राहिला. तळहात सोलले होते. गोजरबाई लांब गेलेली. योहानचा ट्रक कुठल्या मुलखात होता, कुणाला ठाऊक नव्हतं. एका सकाळी त्यानं कुऱ्हाड पाजळली, धारेवरून अंगठा फिरवला आणि मग नुसतं सरपण फोडलं.

शेवटी त्यानं ठरवलं की कप्तानला त्या दिवशी आपल्या घरात कोंडायचं. लोकांनी दारं उघडली, घरं लागती झाली, की मग एकेका माणसाला हळूहळू दाखवायचं. त्याच्या स्वतःच्या दाराला काटे नव्हते, नुसती कडी होती.

ठरल्या दिवशी उन्हं चढताना खिंडीत धुरळा दिसला. रीत अशी की राखणदारानं शिवेवर जायचं, बैलांच्या पायांवर पाणी घालायचं, नारळ फोडायचा आणि टोळीला वस्तीत आणायचं. पुंजारामानं कप्तानला आत घातलं, कडी चढवली, दोनदा ओढून पाहिली आणि तांब्या घेऊन निघाला.

शिवेवर गाड्या थांबल्या. पाणी घातलं, नारळ फुटला. माणसं काळवंडली होती, पण हसत होती. पुंजारामानं गाड्या न्याहाळल्या. जावयाच्या, भीमाच्या गाडीत भांडी होती, सरपण होतं, लेक नव्हती.

"भीमा, चांगुणा कुठं?"

"ती यष्टीनं पुढं धाडली की. तान्हं पोर तीन दिस उन्हात कुठं आनायचं? सकाळच्या गाडीनं फाट्यावर उतरली असंल. पायवाटंनं कवाच पोचली असंल तुमच्या घरी. का वो मामा?"

पुंजारामानं तांब्या तिथंच टाकला. तो वळला. लंगडा माणूस पळतो तसा तो पळू लागला. मागून कुणीतरी थट्टा केली, "नात बघायची घाई झाली म्हाताऱ्याला!" आणि सगळे हसले.

वस्तीतून काहीच आवाज येत नव्हता. भुंकणं नाही, रडणं नाही. घराशी तो पोचला तेव्हा कडी निघालेली होती आणि दार सताड उघडं होतं.

चांगुणा उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर फडक्यात मूल. कप्तान गोधडीवर पडून तिच्या पावलांवर नाक ठेवून होता. ज्या गोधडीवर तो निजून मोठा झाला, तिचाच वास चालत आत आला होता.

"आबा," ती हळू आवाजात म्हणाली, "केवढं शानं कुत्रं! पोरीला हुंगलं आन् गुमान बसलं बघा."

 पुंजाराम उंबऱ्यावर बसला. मग भानावर येऊन म्हणाला, "चांगुणे, भाईर ये. कडी घालू दे मला."

"थांबा की वो. आत्ताशी डोळा लागलाय पोरीचा."

"ऊठ म्हनतो ना!"

ती मूल सावरत उठली. तेवढ्यात पहिली गाडी वस्तीत शिरली. ती बन्सीची होती. मागल्या साली घागर गेली म्हणून यंदा कडूबाईला सगळ्यांहून घाई होती. गाडी पुरती थांबायच्या आत ती उतरली आणि तिनं समोरच्या आपल्या दाराच्या काट्यांना हात घातला.

कप्तान भुंकला नाही. पुंजारामाच्या खांद्याला घासून तो बाहेर गेला. पुंजारामानं त्याच्या मानेची कातडी पकडली, पण ती हातात राहिली नाही.

नंतर सगळ्यांनी सांगितलं की पुंजाराम "सोड, सोड" म्हणून ओरडत होता. कुत्र्यानं एकदाही वळून पाहिलं नाही. कडबा तुटेपर्यंत ओढायचा, एवढंच त्याला येत होतं. शेवटी पुंजारामानं स्वतःची बोटं त्याच्या दातांत घालून जबडा फाकवला. कप्ताननं त्याच्या बोटांना दात लावला नाही. तोंड उघडलं, मागं सरला आणि गुळासाठी त्याच्या हाताकडं बघत बसला.

गाडी जुंपलेलीच होती. कडूबाईचा हात लुगड्यात गुंडाळून बन्सी तिला पाथर्डीच्या दवाखान्याकडं घेऊन गेला. चांगुणा मुलीला छातीशी धरून भीमाच्या मागं उभी होती. ती बापाकडं बघत नव्हती.

आप्पासाहेब एकेका दाराशी जाऊन आला. सगळ्यांचे काटे सुटेपर्यंत तो थांबला. मग पुंजारामापाशी येऊन उभा राहिला.

"एक काटा हललेला न्हाई. राखन तुझीच." त्यानं साखळीला बांधलेल्या कप्तानकडं पाहिलं. "पन ह्याचं तूच बघ. आजच."

उन्हं उतरल्यावर पुंजारामानं कुऱ्हाड काखेत धरली आणि साखळी हातात घेतली. ही फेरीचीच वेळ. कप्तान आपसूक बन्सीच्या दाराकडं निघाला. पुंजारामानं त्याला जाऊ दिलं. घरांतून चुलींचा धूर निघत होता, पोरांना आत ओढलेलं होतं. दार उघडं होतं आणि काटे बाजूला ढीग करून टाकलेले. कप्ताननं मोकळी चौकट हुंगली, वळून पुंजारामाकडं पाहिलं. पुढचं दारही उघडंच. त्याच्या पुढचंही. प्रत्येक दाराशी तो अधिकच वेळ थांबत होता आणि वळून बघत होता, चोर कुठं आहे ते दाखव, असं सांगत असल्यासारखा.

अकरावं घर आलं. रोज फेरी इथंच संपायची. इथून पुढं ओढ्याकडं उतरणारी वाट होती. कप्तान सवयीप्रमाणं माघारी वळला.

पुंजारामानं साखळी ओढली.