डावा कान

पाव भाजला की नाही, हे मिस्त्री डोळ्यांनी ठरवत नसे. भट्टीतून एक पाव काढायचा, उलटा करायचा, तळावर बोटाच्या पेराने टकटक करायची आणि कान लावायचा. पोकळ आवाज आला तर झाला, दबका आला तर परत आत. भट्टीला उष्णतेचा काटा होता, भिंतीवर घड्याळ होते, पण बेकरीतली सगळी माणसे मिस्त्रीच्या मानेकडे बघत. मान हलली की ट्रे बाहेर यायचे.

इतकी वर्षे हेच केल्यावर सवय कामापुरती राहत नाही. मिस्त्री बाजारात कलिंगड वाजवी, घरात गॅसची टाकी वाजवी, नवी खुर्ची घ्यायची तर तीही आधी वाजवून बघे. बोलायचा मात्र कमी. दुसऱ्याच्या गमतीला हसायचा, तेव्हा मोठ्याने हसायचा.

टेप हा त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. मिस्त्रीनेच त्याला बेकरीत पीठ मळायच्या मशीनवर लावून दिले होते. एकदा कानावर पडलेला आवाज त्याच्या तोंडून जसाच्या तसा निघायचा, म्हणून त्याला टेप म्हणत. आईवडील कधीच गेले होते. बहिणीला माहेर म्हणून हाच एक उरला होता. रोज दुपारी तो तिच्याकडे जेवायला जाई आणि जेवताना दिवसभरातले सगळे आवाज काढून दाखवी. ती पदराने डोळे पुसत हसे, आणि मग तिच्याकडचे चार गमतीचे किस्से त्याला सांगे.

वर्षातून एकदा मालकीणबाई बेकरी बंद ठेवून सगळ्यांना घरच्यांसकट जेवायला बोलावत. पॅकिंगच्या खोलीत टेबले जोडायची, त्यावर कोरा कागद अंथरायचा. जेवणे झाली की टेपचा कार्यक्रम. दरवर्षी कुणाची तरी पाळी यायची. एका वर्षी पॅकिंगवाल्या मावशींची: त्या पाव मोजताना मध्येच कुणी बोलले तर पहिल्यापासून मोजतात, त्याची. एका वर्षी ड्रायव्हरची: गाडी मागे घेताना तो स्वतःच तोंडाने हॉर्न वाजवतो, त्याची. ड्रायव्हर तेव्हा दोन दिवस गुरगुरत होता. मिस्त्री त्याला म्हणाला होता, "अरे, एवढं काय मनाला लावून घेतोस? गंमत आहे."

त्या वर्षी मिस्त्रीची पाळी आली.

टेपने आधी भट्टी दाखवली, पाव दाखवला, टकटक, कान. सगळे हसले. मिस्त्रीही हसला. मग टेपने कलिंगडवाला दाखवला, आणखी हसू. मग त्याने टेबलावर उशी ठेवावी तसा हात ठेवला आणि म्हणाला, "घरात बायकोला ताप आलाय. बायको अंथरुणात. मिस्त्री ड्युटीवरून आले." तो वाकला. पेराने तिच्या कपाळावर टकटक केली. कान लावला. बराच वेळ ऐकले. मग मिस्त्रीच्या खर्जातल्या आवाजात म्हणाला, "अजून थोडं राहू दे."

खोलीत हशा फुटला. मालकीणबाईंच्या हातातला पेला हिंदकळला. ड्रायव्हर टेबलावर थापा मारू लागला. आणि सगळ्यांच्या वरचा आवाज मिस्त्रीच्या बायकोचा होता. ती हसून हसून वाकली होती.

मिस्त्रीचे हसू थांबले ते तिच्याकडे बघून. तो उठला, हात धुतले आणि घरी गेला.

तेवढ्यावर मिटले असते कदाचित. पण गंमत एकदा सुटली की तिला शेपूट फुटते. दुसऱ्या दिवशी मिस्त्री भट्टीकडे जाताना कुणीतरी ट्रेवर टकटक केली. पॅकिंगमधून आवाज आला, "अजून थोडं राहू दे!" मिस्त्रीने पाव उलटा केला, बोट वर गेले आणि तिथेच थांबले. मागे सगळे बघत होते. त्याने बोट खाली घेतले आणि काट्याकडे बघून ट्रे काढायला सांगितले. पाव कच्चे निघाले. पुढच्या दिवशी करपले. दुकानदारांचे फोन सुरू झाले.

मालकीणबाईंनी दोघांना बोलावले.

"माफी माग त्यांची," त्या टेपला म्हणाल्या.

टेप घाबरला की त्याचा स्वतःचा आवाज कुठे जातो हे त्यालाही कळत नसे. तो म्हणाला, "दाजी, झाल्या प्रकाराबद्दल मला अत्यंत खेद वाटतो, आणि पुन्हा असं होणार नाही याची बेकरीतर्फे खात्री देते."

तो हुबेहूब मालकीणबाईंचा आवाज होता, फोनवर दुकानदारांशी बोलतानाचा. दाराबाहेर कुणीतरी फिसकन हसले. मालकीणबाई लाल झाल्या. मिस्त्री म्हणाला, "बघितलंत? याला माणूस म्हणजे खेळणं वाटतं." आणि टेपकडे वळून, "उद्यापासून माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही."

"दाजी, कुठं जेवू मग?"

"जिथं हसतात तिथं जेव."

बेकरीत दोन तट पडले. ड्रायव्हर म्हणाला, "माझ्या वेळी दात काढत होते, आता चटका बसला." मावशी म्हणाल्या, "तुझा हॉर्न रस्त्यावरचा होता रे. त्यांचं अंथरूण चव्हाट्यावर आणलं." ड्रायव्हर म्हणाला, "मग यापुढं काय, सगळ्यांना विचारून हसायचं?" मावशी म्हणाल्या, "मी काय न्यायाधीश आहे? मोजू दे मला." आणि त्या पहिल्यापासून मोजू लागल्या.

घरात मिस्त्रीने बायकोला एकदाच विचारले होते, "तापाचं तू सांगितलंस ना त्याला?"

"सांगितलं."

"आणि वर हसलीस."

"हसू आलं, हसले. आता ते परत कुठं ठेवू?"

"माझी लाज गेली चारचौघांत."

"अहो, त्याला एवढं तोडू नका. माझं माहेर तेवढंच आहे."

ती नंतर त्यावर बोलली नाही. भांडली नाही, रुसली नाही. ताट वेळेवर वाढत होती, कपडे घडी करून ठेवत होती, विचारले तेवढ्याचे उत्तर देत होती. दुपारी भावाचा डबा भरून बेकरीच्या फाटकापर्यंत नेऊन देई आणि उलटी फिरे. फक्त हसायची बंद झाली. शेजारीण काही सांगू लागली की ही आधी मिस्त्रीकडे बघे आणि मग ओठ मिटून घेई. मिस्त्रीने ते पाहिले. त्याला आधी बरे वाटले. मग ते बरे वाटेनासे झाले. रोज दुपारी घरात शिरताना जिन्यातूनच ऐकू येणारे काहीतरी आता नव्हते, आणि त्या जागी भिंतीपलीकडच्या नळाचा आवाज येत होता.

एका संध्याकाळी ती घडी घालत बसली होती. तो म्हणाला, "नक्की काय सांगितलं होतंस त्याला?"

तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. "सांगितलं की मला ताप होता, मी बडबडत होते. तुम्ही कामावरून आलात आणि इतके घाबरलात, की हात कुठं लावायचा हेसुद्धा तुम्हाला सुचेना. मग तुम्हाला जे येतं ते तुम्ही केलंत. कपाळ वाजवलंत."

"घाबरल्याचं त्याने दाखवलंच नाही."

"ते दाखवलं असतं तर कोण हसलं असतं?"

"मग तू का हसलीस?"

तिने टॉवेल पुन्हा उचलला. "लोक वाजवण्याला हसले. मला ते तुमचं तोंड आठवलं. मी ते हसणं कितीतरी दिवस आत ठेवलं होतं. तुमच्यासमोर हसायची सोय नव्हती."

मिस्त्री बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला. मग आत आला आणि जेवायला वाढ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो भट्टीवरून निघून थेट पीठ मळायच्या मशीनपाशी गेला. टेप त्याला बघून मागे सरला. मशीनचा खडखडाट चालू होता. आजूबाजूची माणसे हात थांबवून बघू लागली.

"ती नक्कल चुकीची होती," मिस्त्री म्हणाला.

"हो दाजी. चुकलंच माझं."

"तसं नाही. तू उजवा कान लावतोस. उजव्याने मला ऐकू येत नाही. याच मशीनवर मी बारा वर्षं उभा होतो, त्यात गेला. मी डावा लावतो."

टेप म्हणाला, "डावा."

"लक्षात ठेव. आणि तूही कापूस घाल कानात." मिस्त्री भट्टीकडे परतला. एक पाव काढला, उलटा केला. कुणीतरी ट्रेवर टकटक केली. मिस्त्री मागे न बघता म्हणाला, "गप्प रे, ऐकू दे," आणि पाव वाजवला. मान हलली. ट्रे बाहेर आले.

दुपारी तो टेपला बरोबरच घेऊन घरी गेला. बायकोने दार उघडले, दोघांना बघितले आणि तिसरे ताट घेतले. टेपसारखा माणूस गप्प बसून जेवतो हे बघायला विचित्र होते.

"दाखव," मिस्त्री म्हणाला.

"काय दाखवू?"

"तेच. नीट कानाने."

टेपने बहिणीकडे पाहिले. मग हात पुसून ताटाशेजारी वाकला, टकटक केली, डावा कान लावला. म्हणाला, "अजून थोडं राहू दे." हळूच म्हणाला. कुणी हसले नाही.

"पुढं?" मिस्त्री म्हणाला.

"पुढं काय? एवढंच सांगितलं होतं ताईनं."

"पुढं मी डॉक्टरांना आणायला पळालो. चौकापर्यंत गेल्यावर कळलं, पायात चपलाच नाहीत."

"एक होती," बायको म्हणाली. ओठ मिटायला गेले, मिटले नाहीत. "एकच! आणि ती माझी होती. डॉक्टर आत आले ते आधी तुमच्या पायाकडेच बघत होते. मला म्हणाले, पेशंट नक्की कोण?"

हे डॉक्टरांचे मिस्त्रीला ठाऊक नव्हते. ती हसत सुटली. वाढायचा डाव हातातून ताटात पडला. टेपही हसू लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे चमकले, नवा आवाज सापडला की चमकायचे तसे.

"दाजी," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी हे घेऊ?"

मिस्त्रीने घास खाली ठेवला. त्याने जरा विचार केला.

"कान घे," तो म्हणाला. "चप्पल घरात राहू दे."

टेपने मान हलवली. बायको अजून हसतच होती. मिस्त्रीने आपले ताट तिच्या बाजूला सरकवले आणि मान थोडी वळवली, डावा कान तिच्याकडे येईल अशी.