लिगाड्यांची साखर

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता सिस्टर वाघमोड्यांनी माझ्या बोटाला सुई टोचली आणि शेजारच्या खाटेवरच्या लिगाड्यांचं रक्त बाहेर आलं. माझं रक्त पातळ आहे, आलं की पसरतं. हा थेंब दाट होता. बोटावर मुक्कामाला आल्यासारखा बसून राहिला.

"दोनशे शहाऐंशी," सिस्टर म्हणाल्या.

"मला डायबेटिस नाही."

"मोठ्या ऑपरेशननंतर वाढते, काका. तुमची आतड्यातली गाठ काढलीय. साखर चढलेली राहिली तर जखम भरत नाही. म्हणून दर दोन तासांनी बघायचं."

मी एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. काटा चुकीचा नसेल तर काट्यावर ठेवलेला माल चुकीचा असतो. मी त्यांना स्वतःचं बोट टोचायला सांगितलं. त्यांनी तक्रार न करता टोचलं. अठ्ठ्याण्णव. यंत्र बरोबर होतं.

मग त्या लिगाड्यांकडे गेल्या. लिगाडे सांगोल्याकडचे, त्यांच्या मूत्रपिंडातली गाठ काढली होती आणि त्यांना पंधरा वर्षांपासून डायबेटिस होता. त्यांच्या बोटातून माझं रक्त आलं आणि पसरलं.

"एकशे चार. छान."

"गाठीबरोबर शुगरबी काढली म्हणायची," लिगाडे म्हणाले. हे ते सिस्टरांशी बोलले, पण बघत माझ्याकडे होते.

माझ्या सलाईनला इन्सुलिन जोडलं. दहा वाजता माझ्या बोटातून तीनशे दहा आले आणि लिगाड्यांच्या बोटातून एकाहत्तर. सिस्टरांनी माझं इन्सुलिन वाढवलं आणि लिगाड्यांना ग्लुकोजचं पाणी पाजलं. ते पाणी त्यांनी चवीनं, घोट घोट घेतलं.

मला घाम फुटला. इन्सुलिन माझ्या अंगात जात होतं, माझी साखर उतरत होती आणि ती उतरलेली लिगाड्यांच्या बोटात दिसत होती. तिथे दिसली की ते गोड पीत होते, त्यांची चढत होती आणि ती माझ्या बोटात दिसत होती. हिशेबात कुठेही चूक नव्हती.

अकरा वाजता मालिनी, माझी बायको, भेटायला आली. मी तिला सगळं सांगितलं.

"अहो, डॉक्टरांना कळत नाही का?" ती म्हणाली आणि रुमालानं माझा गळा पुसू लागली. पुसताना तिनं लिगाड्यांच्या बायकोला विचारलं, "तुमच्याकडे कसं आहे?"

"आमचं बेस हाय," ती म्हणाली आणि पिशवीतला डबा खाटेखाली सरकवला. डब्याला साजूक तुपाचा वास होता. मालिनीनं हसून मान हलवली. दोघी आधीपासून ओळखीच्या असाव्यात असं मला वाटलं.

दोघी जेवायला खाली गेल्यावर मी जमिनीकडे पाहिलं. सकाळी आमच्या खाटांमध्ये चार फरश्या होत्या. आता दोन होत्या. खाटा कुणी सरकवताना मी पाहिलं नव्हतं.

बाराला मी तीनशे ऐंशी होतो. लिगाडे बावन्न होते. त्यांना पुन्हा ग्लुकोज मिळालं. माझे ओठ बधिर झाले आणि वॉर्डच्या खिडक्या एकीच्या जागी दोन दिसू लागल्या. खाटांमध्ये अर्धी फरशी उरली.

"लिगाडे," मी म्हणालो, "तुम्हाला माहीत आहे."



"पहिल्या टोचणीलाच कळलं," ते म्हणाले. "पंधरा वर्सं टोचतोय. आपलं रगत वळकतो मी."

"मग बोलला का नाहीत?"

"चांगला आकडा कधी बघाय मिळत नाय, सायेब."

"मी मरेन."

"माजीबी जखम चिघळाय लागलीय. सकाळपासनं वली हाय." त्यांनी कुशीवरची पट्टी दाखवली. ती पिवळी झाली होती. जीभ कोरडी पडल्यामुळे ते प्रत्येक शब्द सोलून काढल्यासारखा बोलत होते. "सांगितलं तरी कोन ऐकनार?"

त्यावर आम्ही ठरवलं. पुढच्या टोचणीला त्यांचा डावा हात माझ्या पांघरुणाखालून बाहेर येईल आणि माझा उजवा त्यांच्या. खाटा आता इतक्या चिकटल्या होत्या की हात ताणावाही लागला नाही. त्यांचा हात माझ्या कुशीत आला. गरम होता, तळव्याला घट्टे होते. आयत्या वेळी ते तो काढून घेतील या भीतीनं मी मनगट धरून ठेवलं.

दोन वाजता सिस्टरांनी पांघरुणातून निघालेल्या हाताकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग टोचलं.

"चव्वेचाळीस," त्या म्हणाल्या आणि धावल्या. इन्सुलिन बंद झालं. शिरेतून साखर आत आली. ती मला दंडात, मग छातीत, मग दातांच्या मुळाशी जाणवली. खिडकी एकच झाली. लिगाड्यांच्या पांघरुणातल्या माझ्या बोटानं चारशे सहा दाखवले आणि इन्सुलिन एकदाचं त्यांना लागलं.

तीन दिवस आम्ही असेच राहिलो. आकडे ताळ्यावर आले. लिगाड्यांची पट्टी कोरडी पडली. आम्ही कामापुरतं बोलायचो. ते झोपले की मी त्यांची बोटं मोजायचो. मी झोपल्यावर तेही मोजत असावेत.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांना घरी सोडलं. त्यांनी माझा हात मला परत दिला. मी तो उलटसुलट करून पाहिला, माझाच होता. बायकोनं त्यांना सदरा घातला, दोन्ही बाह्यांत दोन हात गेले. दारात ते वळले आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "येतो, सायेब. सांबाळा."

मीही हात जोडले. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला.

सिस्टर वाघमोडे ट्रे घेऊन आल्या. माझे हात अजून छातीशी जोडलेलेच होते.

"बोट द्या, काका," त्या म्हणाल्या.

मी हात सोडवण्याआधी पांघरुणाची कड उचलली गेली आणि घट्टे पडलेला एक डावा हात बाहेर आला. त्यानं तर्जनी पुढे केली.