पट्टी, फोन, ब्रेक

पट्टी.

रंजनी उभी धरलेली फूटपट्टी सोडते, तिचे वडील नारायणस्वामी, म्हणजे अप्पा, चिमटीत पकडतात. पट्टी जितकी कमी घसरेल तितका माणूस चपळ. काल चेन्नईतल्या टी. नगरच्या सिग्नलला त्यांची स्कूटर ऑटोवर आदळता आदळता वाचली. आज हरले तर किल्ली कायमची रंजनीकडे.

सात सेंटिमीटर!

"अय्यो! म्हातारा म्हणत होतीस नव्हे?"

"पुन्हा, अप्पा."

सात. परत सात!

वरची भाडेकरू रुचिरा जिन्यातच थबकली. कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासणं ही तिची नोकरी. "मामा, इतकं जलद कुणीच पकडू शकत नाही. पट्टी सुटायच्या आधीच बोटं मिटायला लागतायत."

"मला चोर म्हणतीस?"

"नाही हो. रंजनीची टाच बघा!"

टाच ताल धरून होती. अप्पांनीच तिला मृदंग शिकवलेला. ती समेवर सोडायची, ते समेवर पकडायचे. दोघांनाही पत्ता नाही!

रुचिरानं पट्टी घेतली. बेताल सोडली.

चोवीस.

फोन.

रंजनीच्या फोनचा पडदा हिरवा झाला की अप्पांनी टेकवायचं बोट. झाला! टेकवलं! जवळजवळ अर्धा सेकंद.

रंजनीनं हात पुढे केला. "किल्ली."

"थांब," रुचिरा म्हणाली. "पडदाच उशिरा रंग बदलतो. शिवाय मामांचं कोरडं बोट त्याला दुसऱ्या खेपेला कळतं."

"मग खरं काय?"

"चला खाली!"

ब्रेक.

स्कूटर स्टँडवर, किल्ली लावलेली. अप्पा सीटवर, लुंगीसारखी वेष्टी आवरून. समोर भिंत. रुचिरा मनात येईल तेव्हा भिंतीवर टॉर्च मारणार, अप्पा ब्रेक दाबणार, मागचा लाल दिवा लागणार. रंजनी मागून स्लो मोशन व्हिडिओ घेणार.

टॉर्च! लाल!

तीन डोकी एका फोनवर. उजेड इथे... अजून नाही... अजून नाही... लाल!

"पाव सेकंदाच्या जरासं वर. मामा, फार छान!"

"पट्टीही हेच सांगत होती की!"

"साधारण. पण ब्रेक दाबायला पंजा लागतो, चिमूट नाही. आम्ही ब्रेकचंच मोजतो."

"आता तू बस," अप्पा मुलीला म्हणाले.

"मी कशाला?"

"बस गं!"

बसली. फोन आता अप्पांच्या हातात. "रुचिरा, टॉर्च जरा वर धर, नाहीतर..."

टॉर्च!

...लाल.

अप्पांहून उशीर. चांगलाच.

"मी बोलत होते!"

"रस्त्यावर गप्प असतीस काय?"

"पुन्हा! आत्ताच्या आत्ता!"

अप्पांनी किल्ली काढली आणि वेष्टीच्या कनवटीला खोचली.