अंजनीच्या डोहावरची मोजफळी

तीन वर्षे नुसताच टांगलेला झोक्याचा दोर.
माशाच्या कल्ल्यातला चिखल.
ओंडक्यांनी भरलेल्या बैलगाड्या.
झुलालचे रिकामे हात.

मी एक जुनी मोजफळी आहे, मित्रांनो. नशिराबादच्या सुताराने मला सागाच्या फळीतून घडवले, अंगावर इंचांच्या खुणा कोरल्या. मत्स्यशास्त्र शिकलेले सरकारी नोकर हिलाल पाटील मासे माझ्यावर निजवत आणि लांबी वहीत लिहीत. लोक त्यांना ‘मासामास्तर’ म्हणत.

१९५५ साली सरकारकडे तक्रार गेली : एरंडोलजवळ अंजनी नदीच्या डोहात मासे उरले नाहीत. पाटलांच्या साहेबांनी दोषी आधीच ठरवला होता. तिथे मासे धरणाऱ्या झुलाल भिलाने पाण्यात विष टाकले म्हणे! त्याचे जाळे जप्त. पाटलांनी फक्त तसे लिहून आणायचे.

पाटलांनी दिवसभर जाळे टाकले. माझ्यावर आला चार इंचांचा मासा. कल्ले चिखलाने भरलेले.

अक्षय्य तृतीया, आमची आखाजी, जवळ आली होती. काठावरून गावातल्या भागाबाई ओरडल्या, “भाऊ, तुनी फयी ठेव बाजूले! आखाजीले पोरी माहेरले येतीन, झोका कोठे बांधतीन ते मोज!”

“झाडं कुठं गेली, अक्का?”

“गायरानना बठ्ठा झाडे ठेकेदार तोडी लई गया. तीन आखाज्या व्हयन्यात, दोर घरमा तसाच टांगेल शे.”

पाटलांनी घाईने वहीची जुनी पाने उलटली. मोठे मासेही तीन वर्षांपूर्वीच संपले होते! ते तळाच्या गोट्यांच्या फटींत अंडी घालत. डोहावरच्या गायरानातली सगळी झाडे गेली, उघड्या उताराची माती डोहात आली, फटी बुजल्या.

विष नव्हतेच.

साहेब म्हणाले, “पाटील, तुम्ही मासे मोजा. गायरान काय तुमच्या पाण्यात पोहतं?”

“हो साहेब. सगळं वाहून तिथंच आलंय.”

अहवाल नामंजूर होऊन परत आला. ठेकेदाराला झाडे विकणाऱ्याला कोणी हटकले नाही. झुलालला त्याचे जाळेही परत मिळाले नाही. अजून नाही! मी नुसते लाकूड आहे, तरी रागाने जळते.

पाटलांनी नोकरी सोडली. गावोगाव फिरून ते गायराने राखायला माणसे उभी करू लागले. डोहावरच्या गायरानाचा पहिला राखणदार झुलाल. माझ्यावर आता मासे नव्हे, निंबाची रोपे मोजतात. उन्हाने मला चीर गेली आहे. मला तेल लावू नका, मित्रांनो. गायरानात कुऱ्हाड दिसली तर आधी विचारा, कोणाच्या हुकुमाने?

१९४९ साली त्याच डोहात माझ्यावर मोजलेला पहिला मासा सतरा इंचांचा होता. तो झुलालने पकडला होता, आणि मोजून झाल्यावर त्यानेच पाण्यात सोडला.