कायमचा ब्राउझर

“काका, कायमचा ब्राउझर कुठला ठेवू? फाइलवर टिचकी मारली की कशात उघडू दे?” कॉम्प्युटरवाल्या बाईंनी विचारलं.

“जुनाच असू दे,” दुर्बीणकाका म्हणाले.

“साहेबांनी सगळ्यांना नवा द्यायला सांगितलंय. जुन्यात आपलं कागदपत्रांचं सॉफ्टवेअर सारखं अडकतं.”

“अडकतो तर मीही. मला कुठे काढताय?”

शेजारची टेबलं हसली. काकाही हसले.

चुकीच्या गठ्ठ्यात गेलेला कागद ते दारातूनच ओळखायचे, म्हणून ऑफिसने त्यांचं नाव दुर्बीण ठेवलं होतं. आता त्याच डोळ्यांनी दगा दिला होता. जुन्या ब्राउझरमध्ये त्यांनी अक्षरं गुपचूप मोठी करून ठेवली होती, दुकानाच्या पाटीवर असतात तेवढी. अलीकडे तीही विरघळायला लागली होती. निवृत्तीपर्यंत कसंबसं रेटायचं, एवढाच बेत होता. घरी ते बायकोकडून पेपर वाचून घ्यायचे. “तुझ्या आवाजात बातम्याही बऱ्या वाटतात,” म्हणायचे. ती बिचारी खूश व्हायची, आणि त्या खुशीचंच त्यांना सगळ्यात वाईट वाटायचं.

बाईंनी जुना ब्राउझर उघडला आणि त्यांचा हात थांबला. मग खुर्ची जवळ ओढून त्या हळूच म्हणाल्या, “नव्यातही अक्षरं एवढीच मोठी करून देते. कुणाला कळायचं नाही.”

काकांना गलबलून आलं. आपण उगाच माणसांना भितो, असं त्यांना वाटलं. बटणांचा आवाज झाला. समोर पांढरा उजेड पसरला, त्यात काहीतरी करडं हलल्यासारखं दिसलं.

“हां, आता कसं स्वच्छ. शब्दन् शब्द दिसतोय.”

बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं, मग काकांकडे.

“काका,” त्या म्हणाल्या, “फाइल अजून उघडलीच नाहीये मी. पान कोरं आहे.”

शेजारी कुणीतरी कागदांवर शिक्के मारत होतं. काका तो आवाज ऐकत राहिले.

“जुनाच ठेवू का? साहेबांना सांगते मी काहीतरी.” बाईंचा आवाज ओला झाला होता.

“नको. नवाच ठेवा. पुढच्या माणसाला बरा पडेल.”

त्यांनी चष्मा काढला, सवयीने रुमालाने पुसला आणि खिशात ठेवला. मग खुर्ची टेबलाखाली नीट सरकवून ते साहेबांच्या खोलीकडे निघाले.